मार्गारिटा, पण चमच्याने खायची

मागच्या अंकात लिंबाच्या सालीवर आणि मार्गारिटा या टकिलाच्या कॉकटेलच्या चवीचा थरांचा गोड पदार्थ करता येतो यावर मी चार ओळी काय लिहिल्या, या महिन्यात निम्म्याहून जास्त पत्रं लिंबाचीच आली. त्यातली बरीचशी एकाच पदार्थाभोवती फिरतायत, म्हणून या वेळी बाकीचे प्रश्न बाजूला ठेवलेत, पापडाच्या पिठाचं विचारणाऱ्यांनी प्लीज एक महिना थांबा.

प्रश्न : ताई, पुढच्या महिन्यात आमच्या लग्नाला २५ वर्षं होतायत. घरीच जेवण आहे, १२ माणसं. मुलाकडे गेलो होतो तेव्हा आम्ही दोघांनी पहिल्यांदा मार्गारिटा घेतली आणि ती आंबट-खारट चव अजून जिभेवर आहे. त्याच चवीचं, काचेच्या ग्लासात थर दिसतील असं काहीतरी गोड करायचंय. सहाजण अजिबात घेत नाहीत, त्यात सासूबाई आहेत, त्यामुळे अंडंही नको. जमेल का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : जमेल, आणि मस्त जमेल. २५ वर्षांसाठी दोघांचंही मनापासून अभिनंदन!

आधी मार्गारिटात नेमकं असतं काय ते बघूया, कारण ते कळलं की थर आपोआप सुचतात. बारवाल्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं प्रमाण आहे ५० मिली टकिला ही मेक्सिकोची दारू, २० मिली ट्रिपल सेक म्हणजे संत्र्याच्या सालीची गोड दारू, आणि १५ मिली ताज्या लिंबाचा रस. ग्लासच्या कडेला मीठ. बस, एवढंच. म्हणजे चवी कुठल्या, तर लिंबाचा आंबट, संत्र्याच्या सालीचा गोडसर कडवटपणा, आणि मीठ. गोड पदार्थ करताना बहुतेक लोक काय करतात, मीठ विसरतात, साल टाकून देतात आणि साखर वाढवतात, मग जे होतं ते छान लेमन पुडिंग असतं पण मार्गारिटा नसते. म्हणून माझं सांगणं एकच, तीन चवींना तीन थर द्या. खाली खारट, मध्ये आंबट, वर संत्रं. चमचा तळापर्यंत घातला की तिन्ही एकदम तोंडात आली पाहिजेत.

आणि लिंबाची अजिबात चिंता करू नका. मेक्सिकोत ज्याला लिमोन म्हणतात ते बारीक, पातळ सालीचं, भरपूर बियांचं लिंबू म्हणजे आपलं कागदी लिंबूच आहे, वनस्पतिशास्त्रात दोन्हींची जात एक. ते मूळचं आपल्याच बाजूचं, आशियातलं. कोलंबसाने १४९३च्या दुसऱ्या सफरीत लिंबूवर्गातल्या फळांच्या बिया अमेरिका खंडाच्या बाजूला नेल्या आणि मग ही झाडं तिकडचीच होऊन गेली. मला तर याहून आवडलेली गोष्ट वेगळीच आहे, जनुकं तपासून शास्त्रज्ञांनी शोधलं की कागदी लिंबाच्या दोन पूर्वजांपैकी एक म्हणजे म्हाळुंग, कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातात जे फळ आहे ते! तेव्हा मंडईतून आणलेलं पिवळसर हिरवं कागदी लिंबू हे या पदार्थाला पर्याय म्हणून नाही, तेच खरं लिंबू आहे.

आता कृती. हे प्रमाण १२ छोट्या ग्लासांचं आहे, प्रत्येकी १३०-१५० मिलीचे.

खालचा थर : १०० ग्रॅम मारी आणि ६० ग्रॅम मोनॅकोसारखी खारी बिस्किटं एकत्र कुटा, पीठ करू नका, जाडसर रव्याइतपत ठेवा. त्यात ७५ ग्रॅम वितळलेलं बिनमिठाचं बटर आणि दोन छोटे चमचे साखर. अमेरिकेत यासाठी प्रेट्झेल वापरतात, आपल्याकडे खारी बिस्किटं तेच काम करतात. हा चुरा ताटात पसरून १७० डिग्रीला ८-१० मिनिटं भाजा. खमंग वास आला की काढा आणि पूर्ण गार होऊ द्या, गरम चुरा ग्लासात भरला तर काचेला आतून वाफ धरते आणि तो खालून ओला होतो. भाजायचं कारणही तेच, नुसतं बटर लावलेला चुरा दुसऱ्या दिवशी लगदा होतो, भाजलेला बराच टिकतो. ग्लासात दोन-दोन चमचे घालून वाटीच्या बुडाने अलगद दाबा, ठोकू नका, नाहीतर चमचा आत जात नाही.

मधला थर, आणि हाच खरा जीव : २५० ग्रॅम चक्का, ४०० ग्रॅम कंडेन्स्ड मिल्क, १२० मिली लिंबाचा रस, चार लिंबांच्या सालीचा किस, दोन चिमूट मीठ. चक्का श्रीखंडाला करतो तसा रात्रभर टांगलेला हवा, पिळून अजिबात पाणी येता कामा नये, आणि दही गोडं घ्या, आंबटपणा लिंबाचा हवाय, दह्याचा नको. साल किसायची आधी, लिंबू चिरायचं नंतर, कापलेलं लिंबू किसणीवर धरताच येत नाही. किसताना फक्त वरचा हिरवा-पिवळा भाग, पांढरं दिसलं की लिंबू फिरवा.

चक्का पुरणयंत्रातून किंवा चाळणीतून काढून घ्या, कंडेन्स्ड मिल्क घालून हाताच्या फेटणीने एकजीव करा, साल-मीठ घाला आणि मग रस तीन वेळात घाला. इथे जरा लक्ष देऊन बघा, मला हा क्षण फार आवडतो. पहिल्या वेळी मिश्रण पातळ होतं आणि वाटतं संपलं सगळं, दुसऱ्या वेळी फेटणी किंचित अडते, आणि तिसऱ्यानंतर दोन मिनिटांत ती इतकी जड होते की उचलली तर खाली पडणारी धार भांड्यातल्या मिश्रणावर काही क्षण तशीच उठून राहते. पनीर करताना लिंबाने दूध फाटतं ना, इथेही दुधाच्या प्रथिनांना आंबटाने तेच होतंय, फक्त आटवलेल्या दुधातल्या भरपूर साखरेमुळे आणि दाटपणामुळे गुठळ्या न होता सगळं मऊसूत घट्ट होतं. फ्लोरिडाच्या की वेस्ट बेटावरचा प्रसिद्ध की लाइम पाय याच युक्तीवर उभा आहे आणि तिथलं ते की लाइम म्हणजे परत आपलं कागदीच.

ग्लासात भरा, ग्लास ओट्यावर फडक्यावर दोन वेळा हलका आपटा म्हणजे हवा निघते आणि वरचा भाग सपाट होतो, मग फ्रीजमध्ये किमान चार तास.

वरचा थर : ३०० मिली ताज्या संत्र्याचा गाळलेला रस, एका संत्र्याच्या सालीचा किस, १०० मिली पाणी, तीन मोठे चमचे साखर, आणि चायना ग्रासची पूड अडीच ग्रॅम, म्हणजे साधारण सपाट एक छोटा चमचा. पट्ट्या असतील तर वजन करूनच घ्या, अंदाजाने नको, आणि अर्धा तास भिजवा. चायना ग्रास, साखर आणि साल पाण्यात घालून दोन-तीन मिनिटं चांगलं उकळा, कण दिसेनासे झाले पाहिजेत. गॅस बंद. आता हे पाणी गाळत-गाळत संत्र्याच्या रसात ओता आणि ढवळत राहा. रस फ्रीजमधला थंड नको, बाहेर काढून ठेवलेला हवा, याचं कारण खाली नागपूरच्या पत्रात सांगितलंय. बोट घातलं तर कोमट लागेल इतपत असताना लगेच, चमचा उलटा धरून त्याच्या पाठीवरून सावकाश ग्लासात सोडा. सरळ धार सोडलीत तर मधल्या थराला खड्डा पडतो.

घेणाऱ्यांचं आणि न घेणाऱ्यांचं कसं वेगळं करायचं? मधल्या थराचं मिश्रण तयार झालं की अर्धं दुसऱ्या भांड्यात काढा, त्यात २५ मिली टकिला आणि दोन चमचे जास्तीचा चक्का, नाहीतर ते सैल राहतं. जेली ग्लासात ओतायच्या आधी अर्धी वेगळी करून त्यात १५ मिली ट्रिपल सेक. म्हणजे एका ग्लासात टकिला चार मिलीच्या आसपास गेली, चढायला नाही, वासापुरती. आणि दोन्हींचे ग्लास दिसायला वेगळे असू द्या, मी सांगते म्हणून खरंच करा, एकसारखे ग्लास आणि नंतर ओळखू अशी खात्री असं कधी करू नये, सासूबाईंच्या ताटात चुकून गेला तर तुमचाच दिवस खराब होईल. घेणाऱ्यांच्या ग्लासची कड लिंबाची फोड फिरवून ओली करा आणि एक भाग जाडं मीठ, तीन भाग साखर, थोडी किसलेली साल अशा मिश्रणात टेकवा, बाकीच्यांच्या साध्या ठेवा. ही कड मात्र वाढायच्या पाच मिनिटं आधी, फ्रीजमध्ये ठेवलीत तर मीठ-साखरेला पाणी सुटून सगळं काचेवरून ओघळतं.

टकिला न घालता टकिलाचा वास आणायचे उपाय लोक सांगतात, मला एकही पटलेला नाही. ती निळ्या अगावेच्या गाभ्यापासून होते, आपल्याकडे रेल्वे रुळांच्या कडेला आणि शेतांच्या बांधावर जी घायपात दिसते तिची ही बहीण. मेक्सिकोत हालिस्को आणि आसपासच्या ठरावीक भागात झालेलीलाच टकिला म्हणता येतं, १९७४ पासून तसा नियम आहे. तो वास दुसऱ्या कशाने येत नाही. न घेणाऱ्यांच्या ग्लासात लिंबाची साल थोडी जास्त घाला, त्यांना काहीही कमी वाटणार नाही.

प्रश्न : ताई, आम्ही न्यू जर्सीत असतो. लिंबाचा दह्यातला असाच थर मी दोनदा केला, पहिल्यांदा कडू झाला, दुसऱ्यांदा कडू नाही पण सपक. इथे मिळणारी लाइम मोठी, हिरवीगार, बिनबियांची असतात. लिंबू चुकतंय की मी?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : दोन्ही वेळची कारणं वेगळी आहेत.

सपक झालं ते लिंबामुळे. तुमच्याकडे नुसतं लाइम म्हणून जे मिळतं ते पर्शियन लाइम, ताहिती लाइमही म्हणतात त्याला. ते दिसायला सुंदर, टिकायला चांगलं, बियांचा त्रास नाही, पण कागदी लिंबाचा तो नाकात जाणारा तिखट सुगंध आणि धार त्यात कमीच. फ्लोरिडातही पूर्वी बागा कागदी लिंबाच्या होत्या, १९२६च्या चक्रीवादळात त्या उद्ध्वस्त झाल्या आणि नंतर शेतकऱ्यांनी पर्शियन लावली. तुमच्या इथल्या मेक्सिकन किंवा भारतीय दुकानात जाळीच्या छोट्या पिशवीत की लाइम मिळतात, गोट्यांपेक्षा थोडी मोठी, पिवळट पडायला लागलेली, ती घ्या. पिवळी म्हणजे जुनी असं समजून हिरवी शोधत बसू नका, हे लिंबू पिकलं की पिवळंच होतं आणि तेव्हाच रसदार असतं. एकेकातून जेमतेम दोन-तीन छोटे चमचे रस निघतो त्यामुळे वेळ लागतो, पण तो वेळ सार्थकी लागतो. नाहीच मिळाली तर पर्शियनचाच रस घ्या, १२० ऐवजी १४० मिली, आणि साल दीडपट. बाटलीतला रस नको, त्यात सालीचा सुगंध नसतोच.

कडू झालं ते बहुतेक हाताने. मला खात्रीने वाटतंय की त्या वेळी एकतर लिंबू मिक्सरमधून काढलं असणार किंवा पिळताना शेवटचा थेंबही सोडला नसणार. लिंबाच्या बियांत आणि सालीखालच्या पांढऱ्या भागात कडवटपणा असतो, बी चिरडली किंवा फोड उलटी-सुलटी करून रगडली की तो रसात उतरतो. शिवाय काही वेळा रस काढल्या-काढल्या गोड लागतो आणि तासाभराने कडवट, हा उशिरा येणारा कडूपणा लिंबूवर्गातल्या फळांमध्ये होतोच, म्हणून रस काढला की लगेच वापरायचा, सकाळी काढून संध्याकाळी नाही.

आणि एक छोटी गोष्ट, तुमच्याकडच्या फळांवर मेणाचा थर असतो. कोमट पाण्याखाली धरून स्वच्छ ब्रशने घासा, खडखडीत पुसा, मगच किसा. किसलेली साल थोड्या साखरेत टाकून बोटांनी चोळून ठेवलीत तर पाच मिनिटांत साखर ओलसर आणि हिरवट होते, सालीतलं तेल साखरेने ओढून घेतलेलं असतं. तीच साखर वापरायची. माझ्या आईच्या हाताला श्रीखंडाची वेलची अशीच साखरेबरोबर कुटायची सवय होती, तिला कोणी कारण विचारलं नव्हतं आणि तिने सांगितलंही नव्हतं, पण ती गोष्ट हीच.

किंचित कडू झालेलं वाचवता येतं. साखर घालू नका, चिमूटभर मीठ घाला. मिठाने कडू चव दबते, मार्गारिटाच्या कडेला मीठ शोभेसाठी नसतं.

प्रश्न : आमच्या घरी संत्र्यांचा ढीग आहे म्हणून चायना ग्रासची जेली केली. रस आणि चायना ग्रास एकत्र दहा मिनिटं उकळलं तरी जमलीच नाही, पाणीच राहिलं. परत केली, वेगळी उकळून फ्रीजमधल्या रसात ओतली तर शेवयांसारखे धागे झाले. तिसऱ्यांदा जमली पण वाढताना वरचा थर अख्खा घसरून ताटात. आता तुम्हीच सांगा.
— एक वाचक, नागपूर

उत्तर : तीनदा केलंत याचं मला फार कौतुक वाटलं, आणि तुम्ही इतकं नीट लिहिलंय की तिन्ही चुका लगेच सापडल्या.

पहिली. आंबट रसात चायना ग्रास उकळत ठेवलं की त्याची धरून ठेवण्याची ताकदच तुटते. म्हणून ते साध्या पाण्यात उकळायचं आणि रस गॅस बंद केल्यावर. यात दुसराही फायदा आहे, संत्र्याचा रस उकळला की ताज्या संत्र्याचा वास जाऊन मुरंब्याचा वास येतो.

दुसरी. चायना ग्रास साधारण ३५ ते ४० डिग्रीलाच घट्ट व्हायला लागतं, फ्रीजची गरजच नसते त्याला. थंडगार रसात पडलं की ते मिसळायच्या आधीच जमतं, तेच तुमचे धागे. रस कोमट करून घ्या, बोटाला गरम लागेल एवढाच.

धागे झालेली जेली टाकू नका. परत मंद आचेवर ठेवून वितळवता येते, फक्त त्याला बरंच तापवावं लागतं, ८५ डिग्रीच्या वर, म्हणजे जवळजवळ उकळीपर्यंत. वास थोडा जाईल पण जेली होईल. जिलेटिनचं उलटं असतं, ते तोंडातल्या उबेनेही वितळतं म्हणून खायला रेशमी लागतं, पण ते जनावराच्या हाडा-कातड्यापासून बनतं तेव्हा शाकाहारी घरात चालत नाही, आणि नागपूरच्या मे महिन्यात जिलेटिनचा ग्लास टेबलावर दहा मिनिटं ठेवलात तर परत रस होईल. तुमच्याकडे चायना ग्रासच बरं.

तिसरी, घसरण्याची. तुम्ही बहुतेक दोन्ही थर जेलीचे केलेत आणि खालचा पूर्ण जमल्यावर वरचा ओतलात. चायना ग्रासचा थर पूर्ण घट्ट झाला की त्याचा वरचा भाग काचेसारखा गुळगुळीत आणि ओलसर होतो, दुसरा थर त्याला धरतच नाही. वेळ साधायची ती अशी, बोट अलगद टेकवलं तर बोटाला चिकटतं पण बोट आत जात नाही, तेव्हा ओतायचं. मग दोघं एकमेकांना घट्ट धरतात. चक्क्याच्या थरावर हा प्रश्न फारसा येत नाही, तो खरखरीत असतो.

आणि हो, संत्री नागपूरची आहेत तर साल वाया घालवू नका. नागपुरी संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, ते गोड-आंबट गरासाठी आपल्याला माहीत आहे, पण सालीतलं तेलही तितकंच सुगंधी आहे. या पदार्थात साल महत्त्वाची कारण मार्गारिटात संत्र्याचा रस नसतोच मुळी, ट्रिपल सेक हे संत्र्याच्या वाळवलेल्या सालींपासून करतात. त्यातलं सगळ्यात नावाजलेलं क्वान्त्रो, फ्रान्सच्या आंजे गावातलं, १८४९ पासूनची डिस्टिलरी आहे ती, आणि तेही गोड आणि कडू अशा दोन्ही संत्र्यांच्या सालींचं. नागपुरी संत्र्याची साल सैल असते त्यामुळे किसणीवर ती सरकते, फळ तासभर फ्रीजमध्ये ठेवा आणि अगदी हलक्या हाताने किसा. मोसंबीचा रस वापरू का असंही तुम्ही विचारलंय, वापरू नका, तो गोड आहे पण आंबटाचा जोर नाही, लिंबाच्या थरावर फिका पडतो.

प्रश्न : ताई मी कॉलेजला आहे, होस्टेलवर इंडक्शन आहे. मला अंड्याचं खरं लेमन कर्ड लावून हाच पदार्थ करायचाय. मागच्या वेळी अंडाभुर्जी झाली आणि वर लोखंडासारखी चव. हेल्प!
— एक वाचक, पणजी

उत्तर : अगं, चव लोखंडासारखी आली म्हणजे भांडं ॲल्युमिनियमचं किंवा लोखंडाचं होतं. लिंबाचा रस त्या धातूवर काम करतो, चवही बिघडते आणि कधीकधी रंग करडा-हिरवट होतो. स्टीलचं जाड बुडाचं पातेलं किंवा काचेचा बाऊल घे, पितळेचं तर नकोच.

भुर्जी झाली कारण इंडक्शन एकदम तापतो. खाली पातेल्यात दोन इंच पाणी, त्यावर स्टीलचा बाऊल असा बसव की त्याचं बूड पाण्याला लागणार नाही. बाऊलमध्ये आधी तीन अंडी आणि १५० ग्रॅम साखर नीट फेट, मग १०० मिली लिंबाचा रस आणि साल. अंड्यावर नुसती साखर घालून ठेवून देऊ नकोस, लगेच फेट, नाहीतर बलकाचे कण बनतात. पाणी हलकं उकळत ठेव आणि लाकडी चमच्याने सतत ढवळ, बुडाशी आणि कडेला. आठ-दहा मिनिटांत ते चमच्याच्या पाठीला कोटिंगसारखं धरायला लागतं, त्यावर बोट ओढलं की रेघ तशीच राहते, तेव्हा लगेच खाली उतरव. थर्मामीटर असेल तर ७५-७७ डिग्री. त्यानंतर ८० ग्रॅम थंड बटरचे तुकडे एकेक करून घाल आणि गाळ. गाळायचा कंटाळा करू नकोस, कितीही नीट केलं तरी पांढऱ्याचे दोन-चार धागे निघतातच.

हे कर्ड गार झाल्यावर चक्क्यात अर्धं-अर्धं मिसळ. नुसतं लावलंस तर थर फार जड होतो आणि ग्लास संपवता येत नाही.

वर क्रीम लावायचं असेल तर एक सांगते. पहिल्यांदा मी दुकानदाराने हेच फेटलं जातं म्हणून दिलेलं साध्या फ्रेश क्रीमचं खोकं आणलं आणि पाऊण तास बीटर फिरवला, ते शेवटपर्यंत पातळ ते पातळच, पाहुणे बाहेर बसलेले. खोक्यावर फॅट वाचायचं. २५ टक्क्यांचं फेटून उभं राहत नाही, ३० किंवा त्याहून जास्तच हवं, आणि बाऊल, बीटर, क्रीम तिन्ही थंड. पणजीच्या दमटपणात तर बाऊल बर्फावरच ठेव.

प्रश्न : टकिला सनराइज या कॉकटेलसारखा लाल-केशरी रंग याच पदार्थात येईल का? रंगाच्या बाटल्या वापरायच्या नाहीत.
— एक वाचक, सोलापूर

उत्तर : येईल, आणि तुमच्या गावात तर घरच्या घरी येईल. सनराइजमधलं लाल सरबत म्हणजे ग्रेनेडीन, हा शब्दच डाळिंबाच्या फ्रेंच नावावरून आलाय. दोन डाळिंबांचा गाळलेला रस आणि त्याच्या निम्मी साखर घेऊन मंद आचेवर मधापेक्षा थोडं पातळ होईपर्यंत आटवा, उतरवल्यावर अर्धं लिंबू पिळा म्हणजे रंग उजळतो. दाणे मिक्सरमधून जोरात फिरवू नका, बिया फुटल्या की तुरट होतं, चाळणीवर हाताने दाबा.

ग्लासात सनराइजचा रंग आपोआप होतो कारण सरबत साखरेने जड असतं आणि तळाशी जातं. जेलीत मात्र ते जमताना मध्येच अडकतं. म्हणून संत्र्याची जेली ओतली की दोन मिनिटं थांबायचं, ती किंचित दाट झाली की ग्लासच्या कडेने एक छोटा चमचा डाळिंबाचं सोडायचं, ते अर्ध्यापर्यंत उतरतं आणि तिथेच थांबतं. ढवळायचं नाही. पहिला ग्लास घरातल्यांसाठी समजा, त्यात वेळेचा अंदाज येतो.

प्रश्न : तुमच्या सदरात दारूचा पदार्थ आला याचं वाईट वाटलं. शिवाय शिजवल्यावर दारू उडून जाते म्हणून मुलांना दिलं तरी चालतं असं सुनबाई म्हणते, ते खरं का?
— एक आजी, सांगली

उत्तर : आजी, तुम्हाला वाईट वाटलं हे मला समजतंय आणि तुम्ही मोकळेपणाने लिहिलंत याबद्दल खरंच आभार. म्हणूनच या पदार्थात दारू ऐच्छिक आहे, तिच्याशिवाय तो पूर्ण होतो, अपुरा राहत नाही.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर स्पष्ट आहे, नाही, मुलांना देऊ नये. या पदार्थात टकिला घातल्यावर काहीच शिजत नाही, जे घातलं ते सगळं ग्लासात राहतं. आणि शिजवलेल्या पदार्थातूनही ते पूर्ण उडून जात नाही, किती वेळ शिजवलं त्यावर काही भाग उरतोच. मुलं, गरोदर बायका, औषधं चालू असलेली माणसं, गाडी चालवून घरी जाणारे, या सगळ्यांना साधा ग्लास. सुनबाईंना हा अंक दाखवा.

प्रश्न : आदल्या दिवशी करून ठाण्याहून नाशिकला न्यायचं असेल तर?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : खालचे दोन थर आदल्या रात्री झाकणाच्या काचेच्या बरण्यांत लावा, जेलीही तेव्हाच, वर फक्त अर्धा इंच जागा सोडा. चायना ग्रासची जेली घाटात हलली तरी तुटत नाही. थर्मोकोलच्या खोक्यात बर्फाच्या पिशव्या बाजूने लावा, खाली नको, बरण्या कलंडतात. चक्का आहे त्यामुळे बर्फाबाहेर तासाच्या वर राहायला नको. क्रीम, लिंबाची चकती आणि मिठाची कड नाशिकला पोचल्यावर, आणि साल किसायची किसणी पिशवीत टाकायला विसरू नका, शेवटची ताजी साल ग्लास हातात द्यायच्या क्षणी वरून पडली पाहिजे.